दर एकच, मजुरी वेगळी

आमचा धंदा साड्या आणि ओढण्यांचा. मालेगावच्या मागांवरून उतरलेला माल घ्यायचा, त्याचे लोंबते धागे कापायचे, पदराला गोंडे बांधायचे, घडी घालून बाहेरगावच्या दुकानदारांना रवाना करायचा. वडिलांच्या काळापासून हेच चालत आले आहे. शाळा आमची उर्दू माध्यमाची झाली. मराठी आम्ही बाजारात, दुकानदारांच्या पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून शिकलो. म्हणून भाषेत कुठे उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. हिशेबात मात्र आम्ही स्वतःला पक्के समजत होतो. २०२४ साली तो समज मोडला. ही त्याची हकीकत आहे, आणि आपल्या धंद्यातील बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून लिहीत आहोत.

आमच्याकडे गोंड्यांचे काम दोन जागी होते. काही काम आमच्या गाळ्यात होते. तिथे पुरुष कारागीर बसतात. बाकीचे घरोघरी जाते आणि ते बायका करतात. दर दोघांना एकच. नग मोजायचा, दराने गुणायचे, पैसे द्यायचे. बाई आहे म्हणून एक पैसा कमी केला नाही आणि पुरुष आहे म्हणून वाढवला नाही. चार व्यापारी बसले की हे आम्ही अभिमानाने सांगत असू.

त्या वर्षी रमजान ईद झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एक खाला गाळ्यावर आल्या. सतरा-अठरा वर्षे आमचे काम करत होत्या. हात असा की त्यांनी बांधलेल्या गोंड्याची गाठ धुण्यातही सुटायची नाही. त्यांनी उरलेला माल, रेशमाच्या लडी, सारे मोजून समोर ठेवले आणि म्हणाल्या, "सेठ, आता माझ्याकडे माल पाठवू नका."

आम्ही विचारले, "खाला, दरात काही कमी पडले का?"

त्या म्हणाल्या, "दरात तुमची खोट नाही. पण या दराने माझा महिना भरत नाही. तुमच्या गाळ्यातल्या पोरांचा भरतो. असे का होते ते तुम्हीच बघा. वही तुमच्याकडे आहे."

वही आमच्याकडेच होती. पण त्या वहीत उत्तर नव्हते, हे आम्हाला पुढे कळले.

अमेरिकेच्या एका प्राध्यापिका

आमची थोरली लेक नाशिकला एम.कॉम. करत होती. घरी आली तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अब्बा, याच प्रश्नावर एका बाईंना नोबेल मिळाले आहे." आम्हाला प्रथम हसू आले. मालेगावच्या गोंड्यांचा आणि नोबेलचा काय संबंध? मग तिने चार रात्री बसून समजावले आणि हसू गेले.

त्या प्राध्यापिकेचे नाव क्लॉडिया गोल्डिन. जन्म १९४६ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात कायम प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना एकटीला मिळाले. त्याआधी हे पारितोषिक दोनच स्त्रियांना मिळाले होते, २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि २०१९ मध्ये एस्थर डुफ्लो यांना, आणि दोघींनाही ते इतरांबरोबर वाटून मिळाले होते.

गोल्डिनबाईंचे काम थोडक्यात असे, की अमेरिकेतील बायकांच्या कामाचा आणि मजुरीचा दोनशे वर्षांचा हिशेब त्यांनी जुन्या दप्तरांतून शोधून काढला. पुरुषाला एक डॉलर मिळतो तेव्हा बाईला किती मिळते, कमी मिळत असेल तर का, आणि तो फरक कधी घटला, कधी अडून बसला, एवढाच त्यांचा प्रश्न. अमेरिकेत समान वेतनाचा कायदा १९६३ साली झाला. त्या सुमारास वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या डॉलरमागे साठ सेंटच्या आसपास मिळत होते. २०२३ साली ते त्र्याऐंशी सेंटच्या आसपास आले. साठ वर्षांत फरक निम्म्याहून अधिक भरून निघाला. पण उरलेला भरेना. बायका शिक्षणात मागे राहिल्या नाहीत, उलट कॉलेजात मुलींची संख्या मुलांहून वाढली. कायदा होता. तरीही फरक होता. तो कुठे लपला आहे, हे गोल्डिनबाईंनी दाखवले.

जे लिहिले नाही ते मोजले नाही

त्यांची पहिली गोष्ट दप्तराची. अमेरिकेच्या जुन्या खानेसुमारीत लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात बहुधा 'पत्नी' एवढेच लिहिलेले असे. ती नवऱ्याबरोबर शेतात राबत असे, घरच्या धंद्यात हात लावत असे, घरात बसून कारखान्याचे काम करत असे. पण कागदावर ती काहीच करत नव्हती. गोल्डिनबाईंनी दुसरी दप्तरे तपासून हा हिशेब दुरुस्त केला. तेव्हा दिसले की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणाऱ्या विवाहित बायकांचे प्रमाण खानेसुमारीत होते त्याच्या जवळजवळ तिप्पट होते.

हे ऐकताना आम्हाला आमच्याच गल्ल्या आठवल्या. माग पुरुष चालवतो, पण कांडी कोण भरते? कितीतरी घरांत बायका आणि मुलीच भरतात. कारखानदार मजुरी देतो ती विणणाऱ्याच्या नावावर. घरातल्या बाईने किती कांड्या भरल्या याची नोंद कुठल्याही वहीत नसते. तिला कोणी विचारले, काय करता, तर तीही म्हणते, काही नाही, घरीच असते. अमेरिकेच्या खानेसुमारीने शंभर वर्षांपूर्वी जे केले ते आपल्या वह्या आजही करत आहेत.

दुसरी गोष्ट नगावरच्या मजुरीची, आणि ती आपल्या फार जवळची आहे. गोल्डिनबाईंना आढळले की जुन्या कारखान्यांत जिथे नगावर मजुरी होती तिथे बाई आणि पुरुष यांच्या मजुरीत फरक होता, पण त्यातला बराच भाग कामाच्या फरकाने समजावता येत होता. पुढे कचेऱ्या वाढल्या, महिन्याचा पगार आला, अमुक वर्षांनी बढती असे ठरले, तेव्हा कशानेही समजावता न येणारा फरक वाढला. कारण नग मोजता येतो. महिन्याच्या पगारात साहेबाचा अंदाज मिसळतो. ही बाई लग्न करून जाईल, हिला कशाला वरचे काम शिकवा, असा तो अंदाज.

हे वाचून आम्ही लेकीला म्हणालो, "बघ, नगावरचीच मजुरी न्यायाची. आम्ही तेच करतो." ती म्हणाली, "अब्बा, अजून पुढे आहे."

हावरी कामे

पुढचे असे आहे. २०१० साली गोल्डिनबाईंनी मारियान बर्ट्रांड आणि लॉरेन्स कॅट्झ या दोघांबरोबर शिकागो विद्यापीठातून एम.बी.ए. झालेल्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच कॉलेज, एकच पदवी. नोकरी लागली तेव्हा पगार जवळजवळ सारखा. दहा-पंधरा वर्षांनी पाहिले तर पुरुष फार पुढे निघून गेलेले. त्यांनी कारणे शोधली. थोडा फरक कॉलेजातल्या विषयांचा आणि गुणांचा. मोठा फरक दोन गोष्टींचा. बायकांच्या नोकरीत मधे खंड पडला, आणि आठवड्याचे तास कमी राहिले. दोन्ही गोष्टींचे मूळ बहुतेक वेळा एकच, घरात मूल आले.

कोणी म्हणेल, तास कमी तर पैसे कमी, यात चूक काय? चूक इथे आहे की पैसे तासांच्या प्रमाणात कमी होत नाहीत. काही कामे अशी असतात की आठवड्याला साठ तास देणाऱ्याला तीस तासवाल्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून कितीतरी अधिक मिळते. जो रात्री-अपरात्री हजर, गिऱ्हाइकाचा फोन आला की उठतो, त्याच्या तासाला भाव चढतो. अशा कामांना गोल्डिनबाई हावरी कामे म्हणतात. २०२१ सालच्या 'करिअर अँड फॅमिली' या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडले आहे.

मग घरात काय होते? नवरा-बायको दोघेही शिकलेले, दोघेही कमावते. पण आजारी मुलाजवळ कोणीतरी थांबले पाहिजे. दोघांनी थोडे थोडे थांबायचे ठरवले तर दोघांचाही हावऱ्या कामाचा चढा भाव जातो, घराचा तोटा होतो. म्हणून एकाने हावरे काम धरायचे आणि दुसऱ्याने घराला सोयीचे. दुसरा म्हणजे बहुधा बाई. यात मालक तिचा दर कापत नाही. दर तोच राहतो. पण तासाचा भाव कोणत्या वेळेला चढतो हे ज्या पद्धतीने ठरले आहे, त्या पद्धतीनेच ती मागे पडते. आणि नवरा पैशाने पुढे गेला तरी मुलांपासून दूर जातो, हेही त्या लिहितात.

आमच्या वहीत काय निघाले

लेकीने सांगितले, एक महिना दुसरी वही ठेवा. नग लिहू नका, वेळ लिहा. माल केव्हा दिला, काम केव्हा सुरू झाले, परत केव्हा आला, कोणती ऑर्डर कोणाला गेली. आमच्या मुनीमजींनी कपाळाला हात लावला, पण वही ठेवली.

त्या वहीत जे निघाले ते असे. घाईची ऑर्डर आली की ती थेट गाळ्यात जायची. का, तर पोरे रात्री बारापर्यंत बसतात, चहा-नाश्ता दिला की झाले. घाईच्या मालाला आम्ही दीडपट दर देत होतो, आणि हा दीडपट दर घरच्या बायकांना क्वचितच मिळत होता. कारण घाईचा माल घरी जातच नव्हता. घरी जायचा तो रोजचा माल, आणि तोही गाळ्यात हात रिकामे नसतील तेव्हा. शिवाय माल घ्यायला यायचे, रांगेत मोजून द्यायचे, रेशमाचा रंग संपला तर दुसऱ्या दिवसापर्यंत बसून राहायचे, हा सारा वेळ बायकांचा फुकट जात होता. गाळ्यातल्या कारागिराच्या समोर माल आम्ही नेऊन ठेवत होतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेऊ. समजा, नगाला दहा रुपये दर आहे आणि खाला काय, कारागीर काय, दोघेही तासाला सहा नग करतात. म्हणजे तासाला साठ रुपये, दोघांनाही सारखे. आता खालांनी पाच तास काम केले, तीस नग झाले, तीनशे रुपये मिळाले. पण माल आणणे, परत देणे, रांग आणि रंगाची वाट यांत आणखी दोन तास गेले. तीनशे रुपये सात तासांचे झाले. तासाला त्रेचाळीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. तिकडे कारागिराला घाईच्या मालाचा दर नगाला पंधरा रुपये. तासाला नव्वद. हात तोच, गाठ तीच, पाटीवर लिहिलेला दर तोच. तरीही एकाच्या तासाला दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक पैसे.

खाला म्हणाल्या ते खरे होते. दरात खोट नव्हती. खोट होती आमच्या माल फिरवण्याच्या पद्धतीत. कोणते काम कोणाकडे, कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने जाईल, हे ठरवण्याला आजकाल कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याची पदवी मिळते. आपल्याकडे ते काम मुनीम आणि सेठ तोंडी करत आले. पण नाव काहीही द्या, मजुरी तिथेच ठरते. दराची पाटी नंतर लागते.

औषधाच्या दुकानाचा धडा

गोल्डिनबाईंनी फक्त दुखणे सांगितले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्यांनी एक उदाहरण असेही दिले आहे जिथे फरक खरोखर घटला. ते अमेरिकेतील औषध दुकानांचे.

एके काळी तिथे औषधविक्रेता म्हणजे स्वतःच्या दुकानाचा मालक असे. गिऱ्हाईक त्याला ओळखे, त्याचीच वाट पाही. दुकान त्याच्यावर चाले, म्हणून तो सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात. अशा धंद्यात बायका थोड्या, आणि ज्या होत्या त्या बऱ्याचदा दुसऱ्याच्या दुकानात कमी तास करणाऱ्या. १९७० मध्ये पुरुषाला शंभर मिळत तेव्हा बाईला सहासष्टच्या आसपास. पुढे औषधे तयार पाकिटांत येऊ लागली, मोठ्या साखळी दुकानांत आणि दवाखान्यांत नोकऱ्या वाढल्या, आणि गिऱ्हाइकाची सारी नोंद संगणकात आली. आता दुपारी एक औषधविक्रेता गेला आणि दुसरा आला तरी गिऱ्हाइकाचे काही अडत नाही. पहिल्याने जिथे सोडले तिथून दुसरा उचलतो. त्यामुळे रात्रंदिवस हजर राहणाऱ्या एकाच माणसाची गरज उरली नाही, आणि त्याच्या तासाला चढा भावही उरला नाही. अर्धा दिवस काम करणाऱ्याला तासाच्या प्रमाणात पूर्ण मोबदला मिळू लागला. २०१० च्या सुमारास हा आकडा शंभरास ब्याण्णवच्या आसपास आला. त्या धंद्यात आज बायका निम्म्याहून अधिक आहेत आणि पगार चांगला आहे. गोल्डिन आणि कॅट्झ यांचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

यात व्यापाऱ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. तिथे कोणी बायकांवर दया केली नाही. धंद्याची मांडणी बदलली, काम एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याजोगे झाले, आणि फरक आपोआप खाली आला.

मालक लोक म्हणतील

ही गोष्ट आम्ही बाजारात बोललो तेव्हा तीन हरकती निघाल्या. तिन्ही आमच्या स्वतःच्याही मनात होत्या.

पहिली हरकत, बायकांनाच घरचे काम हवे असते, रात्री त्या बसू शकत नाहीत, मग दोष कोणाचा? खरे आहे, घरी बसून काम करणे अनेकींना सोयीचे असते. पण सोयीची किंमत किती असावी हे त्यांनी ठरवलेले नाही, आपण ठरवले आहे. मालाची वाट पाहत दोन तास बसणे ही कोणाचीही सोय नव्हे. ती आपल्या गाळ्याची गैरसोय आहे आणि तिचे पैसे खाला भरत होत्या.

दुसरी हरकत, गिऱ्हाईक घाई करते, त्याला आपण काय करणार? आम्ही जुन्या वह्या काढून पाहिल्या. घाईच्या ऑर्डरी बहुतेक रमजान ईद, बकरी ईद, दिवाळी आणि लग्नसराई यांच्या आधी आलेल्या. यांतली कोणती अचानक येते? ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते हे लहान मुलालाही ठाऊक आहे. दिवाळी आणि लग्नाच्या तिथी वर्षभर आधी पंचांगात छापून येतात. ऑर्डर उशिरा येते हे खरे, पण येणार हे ठाऊक असते. धागे कापलेला, गोंडे बांधलेला चालू रंगांचा माल दीड महिना आधी तयार ठेवता येतो. आपण तो ठेवत नाही, कारण पैसा अडकतो. म्हणजे आपला पैसा अडकू नये म्हणून रात्र कारागिराची जाते आणि काम बाईचे जाते.

तिसरी हरकत सर्वांत खरी. नफा आधीच पातळ आहे, वाढवलेला खर्च आणायचा कुठून? याला आमच्याकडे गोड उत्तर नाही. पहिल्या हंगामात आमचा पैसा तयार मालात अडकला आणि व्याजाशिवाय उधार देणाऱ्या भावाकडे हात पसरावा लागला. पण दीडपट दराने दिली जाणारी रक्कम घटली, रात्रीचा खर्च घटला, घाईत बांधलेल्या सैल गोंड्यांचा परत येणारा माल घटला. नुकसान झाले नाही. नफा फार वाढला असेही नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेण्यात आला. कायदा दर बघतो, आणि दर बघणे गरजेचेच आहे. पण घरी बसलेल्या बाईपर्यंत निरीक्षक पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी तिचा दर आपल्या वहीत बरोबरच लिहिलेला असतो. घरी काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखी वागणूक आणि मोबदला मिळावा असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

इथे अहमदाबादची एक जुनी गोष्ट आपण लक्षात ठेवावी. इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. गिरण्यांतून निघालेल्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका त्या संघटनेत आल्या. त्यांत आपल्या समाजाच्या बायका मोठ्या संख्येने होत्या. चिंधी देणारा व्यापारी, शिवलेली खोळ घेणाराही तोच. दर मागितला की माल बंद, असा अनुभव आल्यावर त्या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि चिंधी स्वतः आणू लागल्या. दराबरोबर माल कोणाच्या हातात आहे हा प्रश्नही मोठा असतो, हे त्यांनी पुस्तके न वाचता ओळखले होते. व्यापारी म्हणून ही गोष्ट आपल्याला कडू लागते. पण कडू लागते म्हणून ती खोटी होत नाही.

आम्ही काय बदलले

उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही, म्हणून केले तेवढेच सांगतो.

वहीत आता दोन रकाने वाढले आहेत. माल दिल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ. कोणाचा माल का अडकला हे त्यावरून दिसते.

रेशीम, मणी आणि नमुन्याचा तुकडा एका पिशवीत घालून पिशवी घरपोच जाते. रांग बंद झाली. एक पोरगा सायकलवर दोन फेऱ्या करतो. त्याची मजुरी आमच्याकडे.

प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असते. कोणता रंग, किती लांब गोंडा, किती नग झाले, किती राहिले. एका घरात आजारपण आले तर तीच पिशवी शेजारच्या घरी जाते आणि काम पुढे सरकते. औषध दुकानाच्या संगणकाचे काम आमच्याकडे चिठ्ठी करते.

घाईचा माल आला तर तो गाळा आणि घरे यांत वाटला जातो, आणि दीडपट दर ज्याच्या हातात माल त्याला मिळतो. मुनीमजी म्हणाले होते, बायका वेळेत देणार नाहीत. पाच-पाच नगांच्या पिशव्या केल्यावर वेळेत आल्या. पूर्वी आपण पन्नास नगांचा गठ्ठा एकीच्या डोक्यावर ठेवत होतो आणि मग म्हणत होतो की उशीर होतो.

गाळ्यातल्या पोरांची कमाई घाईच्या दिवसांत थोडी कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. दोघे नाराज होऊन दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांना रोजचे काम वर्षभर सारखे मिळते. त्यांतला एक म्हणाला, "सेठ, यंदा रमजानमध्ये तरावीहनंतर घरी जाऊन पोरांबरोबर बसलो." गोल्डिनबाईंनी नवऱ्यांबद्दल जे लिहिले आहे ते आम्हाला त्या दिवशी समजले.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक घरात लहानपणापासून कानावर पडते. आम्ही तिचा अर्थ एवढाच घेत होतो की शुक्रवारचे पैसे शनिवारवर ढकलू नयेत. पण जो घाम आपल्या वहीत लिहिलाच गेला नाही, रांगेत उभे राहण्यात आणि मालाची वाट पाहण्यात गेला, त्याचे काय? तो कोणत्या शुक्रवारी द्यायचा?

त्या खाला परत आल्या नाहीत. आम्ही दोनदा निरोप पाठवला. त्यांनी घरच्या घरी फॉल-पिकोचे काम सुरू केले आहे आणि त्यांचे बरे चालले आहे. त्यांच्या सुनेने मात्र गेल्या हंगामापासून आमच्या पिशव्या घेतल्या आहेत. पहिल्या दिवशी तिने चिठ्ठी उलटून पाहिली आणि पोराला विचारले, "यात वेळ कशाला लिहायची?" पोराला सांगता आले नाही. आम्ही निरोप धाडला की तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांना ठाऊक आहे.

आपल्या गाळ्यावर बसलेल्या प्रत्येक बांधवाला आमची विनंती एवढीच आहे. दर तपासू नका, तो बहुधा बरोबरच असेल. एक महिना वेळ लिहून पाहा. नंतर जे करावेसे वाटेल ते तुमचे तुम्ही ठरवा.